नाशिकच्या व्यावसायिकांसाठी पेस्ट कंट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसळवाले, किराणा दुकानदार, पंचवटीतले लॉजमालक, सातपूर-अंबडचे कारखानदार, दिंडोरी-पिंपळगावकडचे पॅकहाउसवाले यांच्याकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

वाचण्याआधी एक सांगायला हवं. औषध मारणं हा या कामाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. फटी बुजवणं, पाणी मुरू न देणं, खरकटं रात्रभर उघडं न ठेवणं आणि नोंद ठेवणं ही मालकाची कामं आहेत. ती कंत्राटात देता येत नाहीत. खालची बहुतेक उत्तरं इथेच येऊन थांबतात.

१. माझं दुकान रोज झाडून-पुसून लख्ख असतं. मग पेस्ट कंट्रोलवर खर्च कशाला?

स्वच्छतेमुळे कीड टिकत नाही हे खरं, पण तिचं येणं थांबत नाही. ती मालाबरोबर येते. अंड्यांचे ट्रे, थंड पेयांचे क्रेट, कांदा-बटाट्याच्या गोण्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरात झुरळाची पिल्लं आरामात बसतात आणि ती खोकी आपण स्वतः उचलून कोठीत ठेवतो. शिवाय शेजाऱ्याबरोबरची भिंत आणि गल्लीतलं ड्रेनेज सामाईक असतंच.

म्हणून खोकी दारातच रिकामी करा, माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घ्या आणि पुठ्ठा त्याच दिवशी बाहेर काढा. दुसरं पाहायचं ते रात्रीचं. घंटागाडी सकाळी येते, म्हणजे ओला कचरा रात्रभर तुमच्याकडेच असतो. तो झाकणबंद डब्यात असेल तर निम्मं काम झालं.

२. एखादं झुरळ दिसलं तर एवढं मनावर घ्यायचं का?

दिवसाढवळ्या दिसलं असेल तर नक्की घ्या. झुरळं रात्री फिरतात. भर उजेडात ओट्यावर एखादं दिसतं तेव्हा बऱ्याचदा लपायच्या जागा भरलेल्या असतात किंवा आतलं खाणं-पाणी कमी पडलेलं असतं. हॉटेलांत आढळतं ते बहुतेक लहान, फिकट तपकिरी जर्मन झुरळ. त्याची मादी तीस ते चाळीस अंड्यांची एक कुपी पिल्लं बाहेर यायच्या बेतात येईपर्यंत पोटाशी बाळगते. दोन-तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः अंडी घालायच्या वयाला येतात.

गटारातून भांड्यांवर फिरताना झुरळाच्या पायांना आणि विष्ठेत जुलाब-उलट्यांचे जंतू असतात. ग्राहक पोट बिघडल्याची तक्रार करायला परत येत नाही. तो नुसता यायचा थांबतो.

३. हे कायद्यानं सक्तीचं आहे का? तपासणीला आले तर काय दाखवायचं?

खाण्यापिण्याचा व्यवसाय असेल तर हो. अन्नसुरक्षा परवाना व नोंदणीचे २०११ चे विनियम आहेत. त्यांतल्या चौथ्या परिशिष्टात कीड आत येऊ नये म्हणून भोकं आणि नाल्या बंद ठेवणं, जाळ्या बसवणं, कीड दिसताच उपाय करणं आणि वापरलेल्या औषधांची तारखेसह नोंद ठेवणं या गोष्टी सांगितल्या आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५६ नुसार अस्वच्छ जागेत अन्न बनवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्नात बाह्य पदार्थ सापडल्यास कलम ५४ आहे आणि तिथेही कमाल रक्कम तेवढीच. त्याआधी बहुधा सुधारणा नोटीस येते. तिच्या मुदतीत काम झालं नाही, तर प्रश्न दंडापुरता राहत नाही, परवानाच निलंबित होऊ शकतो.

अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले तर एक फाइल पुढे करता आली पाहिजे: कंत्राट, कंपनीच्या परवान्याची प्रत, प्रत्येक भेटीचा सही असलेला अहवाल, औषधांची लेबलं, पिंजरे कुठे ठेवलेत त्याचा हाताने काढलेला नकाशा. आणि एक साधी वही. "१२ तारीख, भांडी घासायच्या जागी दोन झुरळं, जेल लावलं" अशी कामगारांच्या अक्षरातली वही छापील प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते, कारण ती रोज कुणीतरी बघतंय हे तिच्यावरून कळतं.

४. काम कुणाला द्यावं? कार्ड टाकून जाणारे पुष्कळ असतात.

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो. आपल्याकडे तो कृषी विभागाकडून मिळतो. तो मागा आणि मुदत वाचा. मग हे विचारा:

- कोणतं औषध मारणार, त्याचं नाव काय? मूळ डबा दाखवाल का? (बाटलीत ओतून आणलेलं, लेबल नसलेलं औषध आत घेऊ नका.)
- लेबलवरच्या चौकोनात त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.
- आधी पाहणी करणार की थेट पंप घेऊन येणार?

शेवटच्या प्रश्नाला "पाहायचं काय त्यात" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. "उग्र वास आला म्हणजे औषध जोरदार" हा समजही सोडा. डायक्लोरव्हॉस नावाचं तीव्र वासाचं औषध वर्षानुवर्षं वापरात होतं. २०२० अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. आजही कुणी "जुना स्टॉक आहे, एकदम कडक" म्हणत असेल तर त्याला परत पाठवा.

५. फवारणी करून गेले आणि पंधरा दिवसांत झुरळं परत. फसवलं का?

दरवेळी नाही. अंड्यांच्या कुपीत औषध शिरत नाही. मोठी मेली तरी कुप्या राहतात आणि त्यांतून नवी फौज निघते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. ती ठरवताना कंत्राटातच लिहून घ्या.

स्वयंपाकघरात फवारणीपेक्षा जेल बरं. हरभऱ्याच्या डाळीएवढे ठिपके बिजागरीच्या आत, फ्रीजच्या मोटरजवळ, ओट्याखालच्या कोपऱ्यात लावतात. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाणारी बाकीचीही मरतात. जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारला की त्याला झुरळं तोंड लावत नाहीत. फिनाइलच्या फडक्यानं पुसलं तर पैसे पाण्यात. कर्मचाऱ्यांना ठिपके कुठे आहेत ते दाखवून ठेवा.

एक पाहणी स्वतः करा. दुकान बंद झाल्यावर अर्ध्या तासानं दिवा न लावता बॅटरी घेऊन आत या आणि फ्रीजच्या दाराचं रबर दोन बोटांनी उलगडा. घडीत काळ्या मिरीची पूड सांडल्यासारखे ठिपके दिसले तर ती झुरळांची विष्ठा. मिक्सरचं बूड, भट्टीमागची पाइप, गल्ल्याचा खालचा खण आणि देव्हाऱ्याची मागची बाजू याच क्रमानं बघा. देव्हारा सगळे विसरतात. तिथे प्रसादाची साखर असते.

६. उंदरांसाठी विष ठेवू की पिंजरा?

आधी भोक. पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरमधून, घरातला लहान उंदीर आत येतो. शटर खाली ओढा, दिवे बंद करा आणि आत उभे राहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तो त्यांचा दरवाजा. शटरला खालून रबर किंवा ब्रशची पट्टी, पाइपांभोवती जाळी दाबून वर सिमेंट, नहाणी ट्रॅपवर घट्ट जाळी. नुसता फोम किंवा कापडाचा बोळा ते एका रात्रीत कुरतडतात.

वावर ओळखायच्या खुणा: भिंतीच्या कडेनं तेलकट काळा पट्टा, तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या (त्याच्या तिप्पट मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस), गोणीच्या तळाला कुरतडल्याचा भुसा. संशय असेल तिथे रात्री पिठीचा पातळ थर टाका. सकाळी पावलं दिसतात.

अन्न बनतं किंवा साठवलं जातं तिथे आत विष नको. तिथे पिंजरे आणि झडपेचे सापळे, भिंतीला चिकटून. विष लागलंच तर बाहेरच्या बाजूला, कुलूपबंद पेटीत. ब्रोमाडायोलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत, उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो आणि माळ्यावर मेला तर आठवडाभर वास जात नाही. पटकन मारणाऱ्या विषाचा वेगळा त्रास. एखादा खाऊन आजारी पडला की बाकीचे त्या आमिषाला पुन्हा शिवत नाहीत.

कारखानदारांना वेगळं सांगतो. "आमच्याकडे खाण्याचं काही नाही, उंदीर कशाला येईल?" असं अंबड आणि सातपूरला नेहमी ऐकायला मिळतं. उंदीर उबेला येतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं आणि वायरीचं आवरण त्याला चालतं. मे महिन्यात मशीनचं विजेचं पॅनेल तापतं म्हणून त्याचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावतात. रात्रपाळी संपते, पंखा बंद होतो, दार तसंच राहतं. सकाळी मशीन सुरू होत नाही, आत मुताचे डाग पडलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड निघतं आणि त्या कार्डासाठी ऑर्डर खोळंबते. पॅनेलला जाळीचा फॅन बसवा, केबल आत जाते तिथे फट बंद करणारी ग्लँड लावा आणि कामगारांना डबा मशीनजवळ खाऊ देऊ नका. त्यांना बसायला नीट जागा दिलीत तर ते तिथेच खातील.

७. काम करताना हॉटेल किती वेळ बंद ठेवायचं?

फक्त जेल आणि सापळे असतील तर बंद ठेवायची गरज नसते. फवारणी असेल तर रात्री धंदा आटोपल्यावर. अन्न, भांडी, पोळपाट सगळं आधी हलवायचं किंवा झाकायचं. किती तासांनी आत यायचं ते लेबलवर असतं, तेच पाळा. सकाळी खिडक्या उघडून हवा खेळू द्या आणि अन्न लागतं ते पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानं धुवा. कर्मचारी हॉटेलातच झोपत असतील तर त्या रात्री त्यांची दुसरीकडे सोय करणं मालकाचं काम आहे. पोटमाळ्यावर दोघं झोपलेत हे फवारणाऱ्याला सांगितलंच नाही, असं घडतं.

८. पावसाळ्यात आणि पुराच्या वेळी काय करायचं?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी येते. माणसं माल वर हलवतात, आणि त्याच वेळी बिळांतले उंदीर-घुशीही वरच येतात. सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटी अशा नदीलगतच्या भागातल्या दुकानांनी जूनआधीच नाल्यांची जाळी आणि शटरची पट्टी तपासावी. पाणी ओसरल्यावर गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जखम असेल आणि गाळात काम केलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ताप आला तर घरगुती औषधावर राहू नका.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कूलर, पिंप, टायर, गच्चीवरची ताडपत्री आठवड्यातून एकदा कोरडी करा. नुसत्या धुरानं पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत.

९. पंचवटीत आमचा लॉज आहे. ढेकूण झालेत, आणि सिंहस्थ तोंडावर आहे.

ढेकूण अस्वच्छतेमुळे होत नाहीत. ते सामानातून येतात, त्यामुळे लाज बाळगून लपवू नका. जितकं लपवाल तितक्या खोल्यांत पसरतील. एका खोलीत सापडले की डावी-उजवी, वरची आणि खालची खोलीही तपासायची. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, स्विचबोर्डच्या मागे, पडद्याची घडी. काळे ठिपके आणि सालं दिसतात.

रिकामी खोली ठेवून ते उपाशी मरतील या भरवशावर राहू नका, कित्येक महिने न खाता जगतात. गादी उन्हात टाकून वरून तापते, आतले वाचतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गादीच्या शिवणींवर वाफेचं यंत्र फिरवा आणि औषधाच्या किमान दोन फेऱ्या करा, कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात. २०२७ मध्ये खोल्या एकामागून एक भरतील तेव्हा मधे मोकळा दिवस मिळणार नाही. हे काम आताच्या मंद दिवसांत उरका, आणि प्रत्येक पाहुणा गेल्यावर शिवण बघायची सवय हाउसकीपिंगच्या मावशींना लावा. ढेकूण शोधून दाखवणाऱ्याला ओरडा मिळाला तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

१०. धान्यात, बेदाण्यात सोंडे-पोरकिडे होतात. गोळ्या टाकल्या तर चालतात ना?

स्वतः टाकू नका. या प्रश्नावर मी आवाज चढवूनच बोलतो.

त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाशी संयोग झाला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम. हा वायू लाकडी तक्तपोशीतून, विटांच्या सांध्यांतून, दाराखालून पलीकडे जातो. खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड ही आपल्या जुन्या पेठेतली नेहमीची रचना. वर झोपलेल्या माणसाला सुरुवातीला मळमळ आणि डोकेदुखी एवढंच जाणवतं, लसणासारखा वास येईलच याची खात्री नाही. यावर उतारा नाही. लहान मुलं सर्वांत आधी बळी पडतात.

हे औषध सरकारमान्य तज्ज्ञांनीच, हवाबंद ताडपत्रीखाली, पाच ते सात दिवस ठेवून आणि शेवटी वायू मोजून वापरायचं असतं. वर किंवा शेजारी वस्ती असेल तर ते तिथे करायचंच नाही, माल दुसरीकडे न्यायचा. लहान दुकानाला हे लागतही नाही. आधी आलेला माल आधी विका, गोण्या लाकडी पाटांवर भिंतीपासून हातभर सोडून ठेवा, फळीच्या खाचांतलं जुनं पीठ ब्रशनं काढा, डाळ-तांदूळ हवाबंद पिंपात ठेवा. खराब गोणी ओळखून बाजूला काढली तर बाकीच्या वाचतात.

११. आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. हंगामात माश्या-चिलटं फार. आत फवारलं तर?

माल असताना नको. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम हाच निकष लागतो. भिंतीवर मारलेला स्प्रे क्रेटवर उतरला तरी तो नमुन्यात दिसू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. जिल्ह्यातल्या बागायतदारांना तो हंगाम आठवतो. ते औषध बागेतलं होतं, पण तपासणाऱ्या प्रयोगशाळेला अंश कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं.

तेव्हा दाराला पट्ट्यांचा पडदा आणि एअर कर्टन, खराब मण्यांची पाटी तासा-तासाला बाहेर, फरशीवरचा रस धुऊन कोरडा. कीटक पकडणारा निळा दिवा पॅकिंग टेबलाच्या डोक्यावर लावू नका, आणि बाहेरून दिसेल असाही नको, नाहीतर बाहेरच्या माश्या आत बोलावल्यासारखं होतं. त्याची ट्यूब जळताना दिसली तरी वर्षातून एकदा बदला, तिचा उपयोगी प्रकाश आधीच मंदावतो. फवारणी हंगामाआधी रिकाम्या शेडमध्ये करून घ्या. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर उष्णता-उपचाराचा शिक्का असतो. गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. शिक्क्याशिवाय पॅलेट घेऊ नका.

१२. दुकान जुन्या वाड्यात आहे, वाळवी लागलीय. रॉकेल टाकू?

नको. आगीचा धोका, आणि वाळवीचं घर जमिनीत सुरक्षित राहतं. वाळवीनं बांधलेली मातीची नळी मोडून टाकायचा मोहही आवरा, वाळवी दुसरीकडून वाट काढते. पाहणी होईपर्यंत नळी तशीच ठेवा. पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूटभर अंतरानं छिद्रं पाडून औषध भरायचं, मग बुजवायचं. तुळई पोकळ वाजत असेल तर आधी बांधकामाच्या जाणकाराला दाखवा. नळाची गळती थांबवल्याशिवाय खर्च करू नका, वाळवीला ओल लागते.

१३. आमच्याकडे जीवहत्या मान्य नाही. मग काय करायचं?

तुमचं काम अवघड आहे असं अजिबात नाही. फटी, जाळ्या, हवाबंद पिंप, कोरडी फरशी, रात्री झाकून ठेवलेला कचरा (प्रश्न १, ६ आणि १०) यांत मारणं कुठेच नाही, आणि याच गोष्टींचा परिणाम टिकतो. अशा मालकांची दुकानं चांगली सापडतात, कारण त्यांना फवारणीचा आडोसा नसतो. उंदीर जिवंत पकडणार असाल तर पिंजरा दर काही तासांनी बघा. उपाशी-तहानलेला अडकून पडणं हीही हिंसाच.

१४. मी करतो, शेजारी करत नाही. उपयोग काय?

तुमच्या बाजूचं भोक बंद असेल तर उपयोग आहेच. तरी सामाईक भिंत आणि चेंबर असेल तर सगळ्या गाळ्यांनी एकाच रात्री काम करून घेणं चांगलं. वेगवेगळ्या दिवशी केलं की झुरळं फक्त खोली बदलतात. सोसायटीच्या किंवा मार्केटच्या बैठकीत विषय काढताना शेजाऱ्याला दोषी ठरवू नका, एकत्र काम केलं तर दर कमी पडतो हे सांगा.

१५. गोदामात साप निघाला. पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवायचं का?

नाही. साप वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. सर्पमित्र किंवा वनविभागाला कळवा, तोवर लांबून नजर ठेवा. साप बहुतेक वेळा उंदरांमागे आलेला असतो, म्हणून तो गेल्यावर प्रश्न ६ उघडा. मधमाश्यांचं पोळं असेल तर जाळू नका, माश्या न मारता ते काढणारी माणसं असतात.

१६. विमा काढलाय. उंदरांनी केलेलं नुकसान भरून मिळेल ना?

पॉलिसीत "समाविष्ट नाही" या मथळ्याखाली उंदीर, कीड, वाळवी हे शब्द आहेत का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत असतात. एजंटचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही, लेखी घ्या.

१७. औषधाचा कुणाला त्रास झाला तर?

त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या, औषध लागलेले कपडे काढा, त्वचा साबणाच्या पाण्यानं धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ वर फोन करा. आणि रुग्णालयात जाताना औषधाचा डबा, निदान त्याच्या लेबलचा फोटो, सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला औषधाचं नाव लागतं, आणि प्रश्न ३ मधली फाइल जागेवर असेल तर ते नाव अर्ध्या मिनिटात सापडतं.